धसक्याचं शरीरशास्त्र

निफाड तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की फडाचा आकार दर तासाला बदलत जातो. पहाटे कोयते चालू लागतात. कडेचा ऊस आडवा होतो, मोळ्या बांधल्या जातात, ट्रॅक्टर भरून निघतो. उभ्या उसात आसरा घेतलेलं सगळं, उंदीर, ससे, मुंगसं, रानमांजरं, आत आत सरकत राहतं. शेवटची पट्टी उरते तेव्हा कधीकधी एखादा तोडणारा थबकतो आणि हात वर करून बाकीच्यांना थांबवतो. पाचटात बिबट्याचे दोन-तीन बछडे एकमेकांना चिकटून पडलेले असतात.

बातमी वाऱ्यासारखी पसरते. तासाभरात बांधावर गर्दी जमते, मोबाइल वर होतात, कुणी बछडा उचलून मांडीवर घेतो. त्यांची आई बहुधा जवळच असते, शेजारच्या मक्यात नाहीतर ओढ्याच्या काठच्या झुडपात. तिला माणसांचे आवाज ऐकू येत असतात. ती येऊ शकत नाही.

त्या काही तासांत तिच्या शरीरात काय घडतं? आणि असे तास एका हंगामात वारंवार आले तर?

जंगल तुटलं की प्राणी कुठं जातात, असं आपण नेहमी विचारतो. जे कुठंच जात नाहीत, तिथंच तग धरतात, त्यांचं आतून काय होतं, हे मात्र फारसं विचारत नाही. मराठीत याचं अर्धं उत्तर एका शब्दात आहे: धसका. भीती वाटते आणि निघून जाते. धसका बसतो आणि मुक्काम ठोकतो. ‘त्याने धसका घेतला आणि तो खंगतच गेला’ असं आपल्या आज्या सांगत आल्या. मनाला बसलेला हादरा शरीर पोखरतो, हे त्यांनी नुसत्या निरीक्षणातून ओळखलं होतं. गेल्या नव्वद वर्षांत विज्ञानाने त्या पोखरण्याची वाट शोधून काढली आहे. ती माणसांत, उंदरांत, वाघांत आणि चिमण्यांत जवळपास एकसारखी आहे.

शरीराच्या दोन हाका

धोका दिसला की शरीर दोन हाका देतं. पहिली विजेच्या वेगाची. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन सुटतं. काही सेकंदांत हृदय धडधडतं, श्वास वाढतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. पळायचं किंवा भिडायचं, दोन्हींची तयारी होते.

दुसरी हाक सावकाश येते आणि जास्त वेळ टिकते. मेंदूच्या तळाशी असलेलं हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतं, पिट्युटरी रक्तावाटे तो अधिवृक्क ग्रंथींच्या बाहेरच्या थराला पोचवते आणि तिथून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवू लागतं. पक्षी, सरपटणारे प्राणी आणि उंदरांत त्याचं काम कॉर्टिकोस्टेरॉन हे त्याचं भावंड करतं. या निरोपाला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणूनच रानपक्ष्याची मूळची पातळी मोजायची असेल तर जाळ्यात सापडल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्ताचा थेंब घ्यावा लागतो. त्यानंतर मोजली जाते ती आपणच लावलेली भीती.

कॉर्टिसॉल शत्रू नाही. घराला आग लागली की घरधनी पेटीतला पैसा बाहेर काढतो, तसं ते शरीराची साठवण मोकळी करतं. रक्तात साखर वाढते, स्नायूंना इंधन मिळतं. त्याच वेळी जे काम उद्यावर ढकलता येईल ते थांबवलं जातं: पचन, वाढ, प्रजनन. बिबट्या मागे लागलेल्या हरणाला त्या घटकेला गवत पचवण्याची किंवा पिल्लू वाढवण्याची गरज नसते. हरीण निसटतं, कळपात मिसळतं, काही वेळाने पुन्हा चरू लागतं. कॉर्टिसॉल ओसरतं. रक्तातली त्याची वाढलेली पातळी मेंदूलाच ‘आता पुरे’ असा निरोप देते.

ही व्यवस्था लाखो वर्षं टिकली ती एका गृहीतकावर. धोका येईल आणि जाईल. जो धोका जातच नाही त्याच्यासाठी शरीराकडे वेगळी योजना नाही.

खर्चाची वही

१९३६ साली मॉन्ट्रियलमधल्या हान्स सेल्ये या संशोधकाचं एक छोटं टिपण ‘नेचर’ नियतकालिकात आलं. तो उंदरांना वेगवेगळे अर्क टोचून त्यांचे परिणाम पाहत होता. चमत्कारिक गोष्ट अशी की काहीही टोचलं, उंदरांना थंडीत ठेवलं, दमवलं, तरी आतले बदल तेच. अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या. जठरात व्रण. आणि छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली.

या तिसऱ्या बदलाचं महत्त्व पुढे कळलं. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी थायमसमध्येच तयार होऊन बाहेर पडतात. त्यांची शाळाच आक्रसली की नव्या तुकड्या कमी पडणार. सततचा ताण रोगप्रतिकारशक्तीच्या मुळावर येतो, हे त्या उंदरांच्या छातीत लिहिलेलं होतं.

ताण आला की प्रतिकारशक्ती लगेच ढासळते, असं मात्र नाही. क्षणिक ताणात उलट घडतं. पांढऱ्या पेशी रक्तातून निघून त्वचेसारख्या सीमांवर जाऊन थांबतात, कारण झटापट झाली तर जखम तिथंच होणार. अडचण ताण लांबला की सुरू होते. लिम्फोसाइट पेशी घटतात, जळजळ आवरण्याची यंत्रणा बिघडते, जखमा उशिरा भरतात. अमेरिकेत दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या टाळूवर एकसारखी छोटी जखम दोनदा केली गेली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. तीच मुलं, तेवढीच जखम.

सुट्टीत मुलं सावरतात. रानातल्या जनावराची जखम उघड्यावर, माश्यांत आणि धुळीत असते आणि लंगडणाऱ्याला शिकार मिळत नाही. शिवाय प्रतिकारशक्ती फुकट मिळत नाही. ताप चढवणं, प्रतिपिंडं बनवणं, नव्या पेशींची फौज उभी करणं, सगळ्याला अन्न लागतं. अधिवास बिघडतो तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी होतात. अन्न कमी होतं आणि सावध राहण्याचा, पळण्याचा, लपण्याचा खर्च वाढतो. जमा घटली आणि खर्च वाढला की गृहस्थ आधी जे काटतो, तेच शरीर काटतं. उद्याच्या आजारासाठी ठेवलेली शिल्लक.

विष्ठेतली नोंद

रानातल्या वाघाला ‘तुला ताण आहे का’ असं विचारायचं कसं? पकडून रक्त घेतलं तर पकडण्याचाच ताण मोजला जाईल. वाट सापडली ती विष्ठेतून. कॉर्टिसॉल यकृतात मोडतं आणि त्याचे अवशेष विष्ठेवाटे बाहेर पडतात. ताजी विष्ठा उचलायची, प्रयोगशाळेत मोजायची. प्राण्याला कळतही नाही.

या पद्धतीने सॅम्युअल वासर यांच्या गटाने १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ठिपकेदार घुबडांचा अभ्यास मांडला. ज्या नरांचं क्षेत्र लाकूडतोडीच्या रस्त्याला लागून होतं, त्यांच्यात ताणाच्या संप्रेरकाची पातळी जास्त निघाली. आपल्याकडे हे काम हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या, म्हणजे सीसीएमबीच्या, संकटग्रस्त प्रजातींसाठीच्या प्रयोगशाळेत जी. उमापती आणि सहकाऱ्यांनी वाढवलं. कान्हा आणि बांधवगड इथल्या वाघांची विष्ठा त्यांनी पर्यटन चालू असताना आणि पावसाळ्यात उद्यानं बंद असताना तपासली. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष स्पष्ट होता: पर्यटनाच्या काळात ताण जास्त. गाड्या वाढल्या तसा तोही वाढलेला. त्या गाड्यांतून वाघांवर मनापासून प्रेम करणारी माणसं आलेली असतात. वाघाच्या शरीराला ते प्रेम इंजिनाच्या आवाजातूनच कळतं.

गोंगाट थांबला तर काय होतं, हे जगाला एका भीषण प्रसंगानंतर कळलं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची ये-जा एकदम घटली आणि पाण्याखालचा आवाज सहा डेसिबलने उतरला. तिथं राइट व्हेलची विष्ठा आधीपासून गोळा होत होती. त्या दिवसांतल्या नमुन्यांत ताणाच्या संप्रेरकाचे अवशेष लक्षणीय कमी निघाले. वर्षानुवर्षांच्या गोंगाटात ते महाकाय जीव सवयीने शांत झालेत असं वाटत होतं. ते शांत झाले नव्हते, सोसत होते.

उसातलं जंगल

आता पुन्हा आपल्या फडाकडे येऊ. गोदावरी, दारणा आणि कादवेच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या उसात बिबट्याला हवं ते सगळं आहे: दाट आडोसा, पाणी, कुत्री, डुकरं, शेळ्या. जवळच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतीच्या त्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे सरासरी ४.८ प्रौढ बिबटे राहत होते आणि त्यांच्या आहारात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा होता. हे वाट चुकलेले पाहुणे नव्हेत. इथंच जन्मलेले, इथंच वाढलेले रहिवासी आहेत.

म्हणजे या बिबट्यासाठी ऊस हेच जंगल आहे आणि ते दरवर्षी मुळापासून कापलं जातं. डोंगरावरचं रान तुटायला पिढी जाते, फड एका दिवसात मोकळा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे पाच-सहा महिने आसरा एकेक तुकड्याने नाहीसा होतो. पिल्लांसह मादीला पुन्हा पुन्हा जागा बदलावी लागते, विहिरींच्या कडेने, कुत्र्यांच्या भुंकण्यातून, वस्त्यांच्या दिव्यांतून. याच धांदलीत बिबटे कठडा नसलेल्या विहिरींत पडतात, रस्त्यावर गाडीखाली येतात, चुकून शहरात शिरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये नाशिकमध्ये सिडकोतल्या सावतानगरात आणि गोविंदनगरात एकाच दिवशी दोन बिबटे शिरले आणि दोघांनाही जेरबंद करावं लागलं. अशा वेळी गच्च्यांवर, कुंपणांवर, गाड्यांवर उभी राहिलेली गर्दी आपण टीव्हीवर पाहिली आहे. आपल्याला तो माणसांच्या कोंडाळ्यातला बिबट्या दिसतो. त्याच्या रक्तात त्या वेळी पहिली हाकही चालू असते आणि दुसरीही, आणि सुटायला वाट नसते.

मग वाटतं, पकडून दूर जंगलात सोडलं की त्याचंही भलं आणि आपलंही. जुन्नरने हा उपाय करून पाहिला आहे. तिथं १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडायला सुरुवात झाली आणि पुढच्या काळात ही सरासरी सतरावर गेली. जिथं बिबटे सोडले त्या जागांच्या आसपासही हल्ले वाढले. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारणं समजण्यासारखी आहेत. पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या गज चावून सुळे मोडून घेतो, तोंड घासून रक्तबंबाळ होतो. मग प्रवास, माणसांचा वास, आणि शेवटी अनोळखी मुलूख, जिथं पाणी कुठं, भक्ष्य कुठं आणि कोणत्या नराची हद्द कुठवर, काहीच ठाऊक नाही. वर त्याची घराकडची ओढ. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेला तो बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला.

धसका घेतलेलं जनावर दूर नेऊन सोडलं म्हणजे धसका मागे राहत नाही. तो त्याच्याबरोबरच जातो.

कुत्रा जवळ आला की

अधिवास बिघडण्याचं एक रूप आपल्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ते म्हणजे मोकाट कुत्री. वस्ती, कचरा आणि रस्ते माळरानात शिरले की त्यांच्यासोबत कुत्रीही शिरतात.

सोलापूरजवळच्या नान्नज माळरानावर अबी तमीम वनक आणि सहकाऱ्यांनी खोकडांवर, म्हणजे आपल्या छोट्या माळकोल्ह्यांवर, प्रयोग केला. खाद्य ठेवलं आणि जवळ बांधलेला कुत्रा ठेवला. कुत्रा काही करत नव्हता, नुसता होता. तेवढ्याने खोकडांचं खाणं घटलं. अंगावर एक ओरखडा न उठता त्यांच्या तोंडचा घास गेला. त्याच परिसरातल्या कुत्र्यांच्या रक्ततपासणीत बहुतेकांना पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूंची लागण होऊन गेल्याचं आढळलं. म्हणजे एकच कुत्रा खोकडाचं अन्न तोडतो आणि त्याच्या दारात आजारही आणतो. अर्धपोटी, सतत कान टवकारलेल्या खोकडाला तो आजार झाला तर लढायला शिल्लक कुठून आणायची?

डिस्टेंपर काय करू शकतो हे १९९४ मध्ये आफ्रिकेच्या सेरेंगेटीत दिसलं. तिथले जवळपास एक तृतीयांश सिंह दगावले. संशोधकांना कोडं पडलं, कारण हाच विषाणू इतर वेळी तिथल्या सिंहांतून फारशी हानी न करता येऊन गेला होता. उत्तर २००८ मध्ये मिळालं. त्या साथीआधी दुष्काळ पडला होता. उपासमारीने खंगलेल्या रानम्हशींवर गोचिडांचा सुळसुळाट झाला. त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांत गोचिडांमार्फत बॅबेसिया हा रक्तातला परजीवी मोठ्या प्रमाणात गेला. डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती दाबली आणि एरवी आटोक्यात राहणारा बॅबेसिया जिवावर उठला. एकटा विषाणू मारत नव्हता, एकटा परजीवीही नाही. दुष्काळाने दोघांची गाठ घालून दिली. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह दगावले. तेव्हा काहींच्या नमुन्यांत हाच डिस्टेंपरचा विषाणू ओळखला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने.

येवल्याच्या ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रातली काळविटं या कहाणीचं दुसरं टोक दाखवतात. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात ती शिवारात येतात आणि कुत्री मागे लागतात. काळवीट निसटलं तर आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण जिवाच्या आकांताने धावलेल्या हरणाच्या स्नायूंत आम्ल साचतं, स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतलं लाल प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांत अडकतं. अंगावर दाताची खूणही नसलेलं जनावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतं. म्हणूनच जखमी हरणाला वाचवायचं तर आधी त्याचे डोळे झाकावेत, आवाज बंद करावा, गर्दी हटवावी, असं सांगतात. औषधाच्या आधी शांतता.

माणसाच्या आवाजाचं वजन किती, हे दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर परिसरातल्या प्रयोगात मोजलं गेलं. पाणवठ्यांवर ध्वनिवर्धक लावून सिंहाचे, कुत्र्यांचे, बंदुकीचे आणि माणसांच्या साध्या बोलण्याचे आवाज ऐकवले. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार माणसांचा आवाज ऐकून प्राणी पळण्याचं प्रमाण सिंहाच्या आवाजाच्या दुप्पट होतं आणि ते पाणवठा ४० टक्के लवकर सोडत होते. ममदापूरच्या पाणवठ्यावर मे महिन्यात फोटोसाठी थांबताना हे आठवलं पाहिजे. तहानलेल्या काळविटाला आपल्या गप्पा सिंहाहून जड आहेत.

थकलेले पाहुणे, जागी चिमणी

गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, क्रौंच उतरतात. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. इथं उतरणारा पक्षी हजारो किलोमीटर उडून, अंगातली चरबी जाळून आलेला असतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००० मध्ये दाखवलं की स्थलांतराच्या ओढीने अस्वस्थ झालेल्या रेडविंग पक्ष्यांत आधीपासून दबून असलेला बोरेलिया जिवाणू पुन्हा जागा होतो. थकव्याने पहारा ढिला पडतो आणि आतला चोर बाहेर येतो. अशा पक्ष्याला इथं हवी असते ती उथळ पाण्यातली निवांत चराई. जलपर्णीने पाणी झाकलं, नाव फार जवळ नेली, उडतानाचा फोटो मिळावा म्हणून थवा मुद्दाम उठवला, की दर उड्डाणाला त्याच्या वहीत खर्च लिहिला जातो. परतीच्या प्रवासाची शिदोरी त्याच वहीतून निघणार असते.

शहरातल्या घरचिमणीचं दुखणं वेगळं आहे. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो, त्यामागे नाशिकचेच मोहम्मद दिलावर आहेत. घरटी टांगणं आपण त्यांच्याकडून शिकलो. पण घरट्यासमोर रात्रभर पांढरा दिवा जळत असेल तर? अमेरिकेत घरचिमण्यांना रात्री मंद उजेडात ठेवून वेस्ट नाइल विषाणूची लागण केली गेली. २०१९ च्या या अभ्यासात अंधारात झोपणाऱ्या चिमण्यांपेक्षा उजेडातल्या चिमण्या दोन दिवस जास्त काळ डासांना विषाणू देऊ शकत होत्या. अंधारही अधिवासाचाच भाग आहे. झाड न तोडता, जमीन न उकरता, नुसता एक दिवा लावून आपण तो मोडू शकतो.

आणि मग आपल्या दारात

कुणी म्हणेल, प्राण्यांचं हे दुःख खरं, पण माणसाचा काय संबंध? ऑस्ट्रेलियातली फलाहारी वटवाघळं याचं उत्तर देतात. त्यांच्या अंगात हेंड्रा हा विषाणू असतो आणि तो त्यांना फारसा त्रास देत नाही. १९९४ मध्ये तो घोड्यांत आणि तिथून माणसांत पोचला. पुढच्या पंचवीस वर्षांची नोंद मांडणारा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. हिवाळ्यात फुलणारी निलगिरीची रानं तुटली. मधासाठी लांब भटकणारी वटवाघळं शहरांत आणि शेतांत, घोड्यांच्या कुरणांशेजारी, लहान गटांत कायमची राहू लागली. अन्नाचा दुष्काळ पडला की पुढच्या हिवाळ्यात विषाणू घोड्यांत उतरे. ज्या हिवाळ्यात उरलेलं रान भरभरून फुललं, त्या वेळी वटवाघळं शहर सोडून रानाकडे गेली आणि संसर्ग थांबला. झाडांना आलेल्या फुलांनी साथ थोपवली.

आपल्याकडे राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. ही बातमी वाचून वटवाघळांची झाडं पेटवायला निघणं म्हणजे हेंड्राचा धडा उलटा वाचणं. हुसकावलेलं, उपाशी, दाटीवाटीत ढकललेलं वटवाघूळ जास्त धोक्याचं. ज्याच्यासाठी उंबराला फळं आहेत आणि जुन्या वडावर जागा आहे, त्याला आपल्या गोठ्याकडे यायचं कारण नाही. सिंहस्थाच्या तयारीत तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२५ च्या अखेरीस नाशिककर उभे राहिले तेव्हा बोलणं सावलीचं आणि प्राणवायूचं होतं. त्यात आरोग्याचा हा मुद्दाही जोडला पाहिजे. जुनं झाड म्हणजे कित्येक जिवांचं भरलेलं ताट आणि रात्रीची झोप.

निवांतपणाचं शिवार

माणसाशेजारी राहणं म्हणजे आपोआप धसका, असंही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संजीता शर्मा पोखरेल आणि सहकाऱ्यांना दक्षिण भारतात पिकांत शिरणाऱ्या हत्तींमध्ये ताणाचं प्रमाण उलट कमी आढळलं. पिकांचा सकस चारा त्यांना तारत होता. ऑगस्ट २०२० मध्ये इगतपुरी तालुक्यात बिबट्याच्या मादीने चक्क एका झोपडीत चार बछड्यांना जन्म दिला. रानातल्या जिवांना आपली जवळीक सोसते. सोसवत नाही तो भरवसा नसलेला, न संपणारा पाठलाग. कधी, कुठून, किती वेळ त्रास होईल याचा अंदाज येत असेल तर शरीर जुळवून घेतं. जगभरच्या ६२ प्रजातींच्या नोंदींतून २०१८ मध्ये दिसलं की माणसांचा वावर वाढतो तिथं सस्तन प्राणी आपला वावर रात्रीकडे सरकवतात. दिवस आपल्याला देऊन त्यांनी रात्र मागून घेतली आहे. ती तरी त्यांच्याकडे राहू द्यावी.

याचा अर्थ आपल्या हातात पुष्कळ आहे. समृद्धी महामार्गाखाली वन्यजीवांसाठी भुयारी वाटा ठेवल्या आहेत, तिथं शेकोट्या आणि दिवे नकोत. विहिरींना कठडे हवेत. कचरा उघड्यावर नसेल तर कुत्री वाढत नाहीत आणि बिबट्याही ओढला जात नाही. फड तोडताना शेवटची पट्टी सावकाश, एका बाजूने तोडली तर दुसऱ्या बाजूने निघून जायला वाट राहते.

आणि बछडे सापडले तर? नाशिक परिसरात वनखातं आणि स्वयंसेवक वर्षानुवर्षं जे करत आले आहेत, त्यात सगळं विज्ञान सामावलेलं आहे. बछड्यांची तपासणी करायची आणि संध्याकाळी त्यांना सापडल्या जागीच, क्रेटमध्ये ठेवायचं. कॅमेरा लावायचा. मग मुख्य काम, जे गावाने करायचं असतं. बांधावरून सगळ्यांनी घरी जायचं, कुत्री बांधायची, वस्तीवरचे दिवे मालवायचे. मादी शिवाराच्या कडेला तासन् तास ऐकत उभी राहते. काही वेळा पहिल्या रात्री येतही नाही, तेव्हा दुसऱ्या रात्री पुन्हा तेवढंच शांत राहावं लागतं. मग कॅमेऱ्यात ती दिसते: वाकते, क्रेट कलंडते, एकेकाला मानेशी अलगद धरून अंधारात नेते.

तिच्या रक्तातलं कॉर्टिसॉल आता उतरायला लागेल. ते उतरवणारं औषध त्या रात्री गावाने दिलेलं असतं, अंधारात गप्प बसून.